सोपवलेला नाखवा

मालू मोरेकरला लोक बिचकून असत, आणि तिला ते पसंत होतं. ठाण्याच्या पूर्वेला, कोपरीत, एका मिठाईच्या दुकानाच्या वर कॉम्प्युटरचा क्लास होता, त्याचा कारभार तिच्याकडे. क्लासचे मालक मस्कतला. वर्षातून एकदा खजुराचं पाकीट घेऊन उगवायचे आणि "छान चाललंय" म्हणून परत जायचे. बाकी वर्षभर प्रवेश देणं, चपला बाहेर काढायला लावणं, दार उघडं टाकून एसीची हवा घालवणाऱ्यांच्या अंगावर खेकसणं, हे सगळं मालू करायची. कोळीवाड्यातली बी.कॉम. झालेली मुलगी, तिशीला टेकलेली. बघायला आलेल्यांपैकी एकजण "मुलगी बोलते फार" म्हणाला, तेव्हा तिने चहाचा कप त्याच्या हातातून परत घेतला होता. खरंच घेतला होता.

तिचा धाकटा भाऊ चंदू पॉलिटेक्निक सांभाळून त्याच क्लासमध्ये शिकवायचा. हा नेमका उलट. कोणीही यावं आणि त्याच्या गळ्यात हात टाकून बसावं. मुलांना तो आवडायचा, मुलींना तर फारच. बहिणीला त्याचा एकच गुण दिसे, तो म्हणजे वेळेवर घरी न येणं. क्लास सुटला की हा तिथल्याच एका कॉम्प्युटरवर खेळत बसायचा. आई, रंगूबाई, बाजारात मासळी विकून घरी यायची, भाकऱ्या टाकायची आणि शेजारच्यांच्या फोनवरून क्लासवर फोन करायची. "चंदू, जेवाला ये रं." तो पडद्यावरून नजर न काढता म्हणायचा, "जेवून आलोय गं." साफ खोटं. वडापावही खाल्लेला नसायचा.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. इंटरनेट अजून घरोघरी यायचा होता, पण फोनच्या तारेतून एक कॉम्प्युटर दुसऱ्याशी बोलू शकतो हे ज्यांना कळलं होतं त्यांना दुसरं काही सुचेनासं झालं होतं. वागळे इस्टेटमध्ये सहदेव नावाचा एक इंजिनियर होता. त्याने आपल्या ऑफिसातल्या मशीनवर एक खेळ बसवला होता, त्याचं नाव 'सातगड'. ठाणे, डोंबिवली, कल्याणची पोरं तिथे फोन लावायची, मोडेम शिट्ट्या मारायचा आणि पडद्यावर अक्षरं उमटायची. चित्र एकही नाही. 'तुम्ही पुलावर आहात. समोर धुकं आहे. धुक्यात कोणीतरी श्वास घेत आहे.' एवढंच, आणि तेही इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. मग आपण लिहायचं, 'पुढे जा' किंवा 'तलवार काढ'. गडामागून गड घ्यायचे, राक्षस मारायचे, एकमेकांनाही मारायचं. मेलेला मेला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मालूला हा शुद्ध रिकामटेकडेपणा वाटायचा. पण चंदू जेवताना, म्हणजे जेव्हा जेवायचा तेव्हा, दुसरं बोलायचाच नाही.

"ताई, प्रत्येकाला एक सोबती पाळता येतो. लांडगा घे, अस्वल घे. मी पाणमांजर घेतलंय."

"खाडीत कमी आहेत?"

"त्याचं नाव नाखवा."

रंगूबाई हसली. नाखवा म्हणजे होडीचा मालक. नोकराला मालकाचं नाव ठेवायचं, असले त्याचे विनोद.

"सुरुवातीला एवढंसं असतं. आपल्या वाट्यातलं त्याला खायला घालायचं, मग ते वाढतं. आपल्यावर त्याची निष्ठा वाढते. निष्ठा पूर्ण भरली की काही सांगावं लागत नाही. आपल्यावर वार आला की ते आपणहून आडवं येतं."

"आणि मरतं."

"मरू द्यायचं नाही ना! तेच तर कसब आहे. आणि मी त्याला बोलायला शिकवलंय. ठरावीक शब्द कानावर पडला की ठरावीक वाक्य बोलतं. फक्त लढाईत त्याच्याशी गप्पा मारायच्या नाहीत. एका खेपेला एकच काम करतं ते. बोलेल, नाहीतर आडवं येईल. बोलत बसलं की आपण मेलो."

"भात घे," मालू म्हणाली. संभाषण संपलं.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी चंदूचे डोळे पिवळे झाले. मालू म्हणाली, डॉक्टरकडे नेऊ. रंगूबाई म्हणाली, काविळीला डॉक्टरचं औषध नसतं, टिटवाळ्याच्या पुढे एक वैदू आहे, तो काढा देतो. आई आणि मुलगी दोघी सारख्याच हट्टी, पण घर आईचं होतं. काढा झाला, गळ्यात माळ झाली, मुळ्याचा रस झाला. मग चंदू बरळायला लागला, तेव्हा त्याला इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरने दोघींकडे असं पाहिलं की मालूने ती नजर जन्मभर विसरू नये. दोन दिवसांत तो गेला.

रंगूबाईच्या माहेरी एक रीत होती, ती तिने सासरीही चालवली. मेलेल्याच्या हातातली वस्तू घरात ठेवायची नाही. तेराव्याला ती त्याच्या जोडीदाराला द्यायची. जाळं असेल तर जाळं, वल्हं असेल तर वल्हं. घरात ठेवलं तर मेलेला माणूस दारात घुटमळत राहतो आणि त्याला पुढे जाता येत नाही. चंदू काही होडीवर गेला नव्हता. पण खेळात त्याचा एक जोडीदार होता. त्र्यंबक, डोंबिवलीचा, औषधांच्या ठोक व्यापाऱ्याचा मुलगा. दोघे पॉलिटेक्निकला एका बाकावर बसायचे. गोरा, गुळगुळीत, बोलायला गोड. तेराव्याला तो आला, पाटावर बसला, रडलाही. रंगूबाईने त्याला चंदूचं घड्याळ दिलं, सायकल दिली, स्क्रू-ड्रायव्हरचा डबा दिला.

त्याने डबा मांडीवर घेतला आणि म्हणाला, "मावशी, एक वस्तू राहिली."

"काय रं पोरा?"

"खेळातला नाखवा. चंदू नसताना तो वेशीवर उभा राहील, उपाशी. मग निघून जाईल रानात. माझ्याकडे राहिला तर चंदूची आठवण..."

रंगूबाईला यातलं अक्षर कळलं नव्हतं. पण रीत कळत होती. "मालू, पोराचा जो काय चालता-बोलता असंल तो दे त्याला."

मालूही त्या दिवशी विचार करण्याच्या परिस्थितीत नव्हती. दुसऱ्या दिवशी क्लास उघडल्यावर तिने चंदूच्या नावाने फोन लावला, त्याचा परवलीचा शब्द तिला ठाऊक होता, आणि त्र्यंबकने सांगितलं तसं लिहिलं, 'नाखवा सोपव त्र्यंबक'. पडद्यावर आलं, 'नाखव्याने तुमच्याकडे एकदा पाहिलं आणि तो नव्या मालकाच्या मागे गेला.'

तिने हुश्श केलं. एक काम हातावेगळं झालं.

दिवाळीनंतर एका दुपारी क्लास रिकामा होता. मालूने सहज 'सातगड' लावलं. चंदू कसल्या जागेत इतके तास काढायचा ते बघावं, एवढाच विचार. स्वतःच्याच नावाने शिरली. दुसरं नाव शोधण्याइतकी कल्पनाशक्ती तिच्याकडे नव्हती. वेशीपाशी पाच-सहाजण गप्पा मारत उभे होते, त्यात त्र्यंबक होता आणि त्याच्या मागे नाखवा. कोणीतरी लिहिलं, 'ही मालू कोण?'

लगेच खाली ओळ उमटली. 'नाखवा म्हणतो: मालू? हेडमास्तरीण आली, पळा!'

सगळे हसले, म्हणजे हसल्याचं लिहिलं. ही चंदूची बोली होती. जशीच्या तशी. तिने घाईघाईने विचारलं, आणखी काय काय येतं याला? त्र्यंबक म्हणाला, भूक म्हणून बघ. तिने लिहिलं, 'भूक'. 'नाखवा म्हणतो: चल खाडीवर, निवट्या पकडून भाजून देतो.' मग तिने, का कोण जाणे, 'आई' असं लिहिलं.

'नाखवा म्हणतो: आईला सांग, जेवून आलोय.'

मालूने कॉम्प्युटर बंद केला आणि खाली मिठाईवाल्याच्या ओट्यावर जाऊन बसली.

आईला सांगायला नको होतं. पण सांगितलं. रंगूबाई त्याच रविवारी दुपारी मासळीची पाटी जिन्याखाली ठेवून वर आली. हात धुतले होते तरी बोटांना सुरमईचा वास. मालूच्या शेजारी खुर्चीवर ताठ बसली, इस्पितळात बसतात तशी.

"हाय क तो?"

"तो नाही आई. त्याने शिकवलेलं जनावर आहे."

"मना ठावं हाय. वाच."

मालूने 'आई' लिहिलं आणि आलेलं वाचून दाखवलं. रंगूबाईने पदर तोंडावर धरला. मग पदराआडून म्हणाली, "त्याला ईचार. वैदूकडं नेलं म्हनून आईवर राग हाय क?"

मालूने अक्षरन् अक्षर लिहिलं. वाक्यात 'आई' होतं, तेवढं त्या यंत्राने उचललं. 'आईला सांग, जेवून आलोय.'

"राग नाय त्याचा," रंगूबाई म्हणाली आणि पदर खाली घेतला. उतरताना तिने पाटी उचलली ती एका हाताने, रिकामी असल्यासारखी.

त्यानंतर दर रविवारी हे सुरू झालं. रंगूबाई यायची, बाजारात कोण कसं वागलं ते सांगायची, मालू लिहायची, नाखवा तेच एक वाक्य बोलायचा, मालू ते वाचायची. तेच वाक्य रंगूबाईला कधी थकलेलं वाटे, कधी थट्टेचं. "आज हसून बोलला गो," असंही एकदा म्हणाली. वाचताना मालूचाच आवाज चंदूसारखा व्हायला लागला होता.

मात्र नाखवा आता त्र्यंबकचा होता. त्याने रविवारी दुपारी त्याला वेशीवर आणून उभं केलं तर हे सगळं. पहिले काही रविवार त्याने ते मोठ्या मनाने केलं. मग एकदा क्लासवर आला, खुर्ची ओढून उलटी बसला.

"मालूताई, माझा प्रोजेक्ट रिपोर्ट टाइप करायचाय. बाहेर देणार होतो. पण म्हटलं, घरचं माणूस आहे."

"मला वेळ नाही."

"मलाही रविवारी नसतो गं. तरी येतोच ना मी मावशीसाठी?"

गोड हसून म्हणाला. मालूने हात पुढे केला आणि कागद घेतले. त्याचं अक्षर म्हणजे मुंग्या. तिने तो सगळा रिपोर्ट टाइप केला. सरांनी फिरवला की पुन्हा केला. आकृत्या काढल्या, आभारप्रदर्शनही तिनेच लिहिलं. त्यात तिचं नाव नव्हतं. ज्या बाईने बघायला आलेल्या माणसाच्या हातातला कप काढून घेतला होता, ती या पोराला "समास एवढा चालेल का रे?" असं विचारत होती.

रिपोर्ट सादर झाला आणि त्र्यंबकचे रविवार आटले. एका रविवारी आला तर पुढचे दोन गुल. आला तरी एकटा नसायचा. वेशीवर गर्दी असायची आणि त्र्यंबक खेळ लावायचा. 'बोला बोला, आई म्हणा कोणीतरी.' पोरं लिहायची, 'आई आई आई'. पडद्यावर एकाखाली एक, आईला सांग जेवून आलोय, आईला सांग जेवून आलोय, आईला सांग जेवून आलोय. कोणी लिहिलं, 'किती जेवतो रे हा!' कल्याणच्या एकाने लिहिलं, 'ज्याने शिकवलं तो मेला म्हणे.' त्र्यंबकने लिहिलं, 'हो ना. ओरिजिनल गेला, कॅसेट उरली.'

"काय बोलतंय गो सगली?" रंगूबाईने विचारलं.

"त्याची विचारपूस करतायत," मालू म्हणाली.

पुढे तिला कळलं की त्र्यंबक पुरेसं बळ जमलं की सहाव्या गडावर चढाई करणार आहे. त्या गडाच्या दारात एक आग्या राक्षस होता. तिथे मालकाने आत शिरायचं आणि सोबत्याने आग अंगावर घ्यायची, असा सगळ्यांचा शिरस्ता होता. लांडगे, अस्वलं, कितीतरी सोबती त्या दारात गेले होते. नवीन घ्यायचा, खायला घालायचा, वाढवायचा, नेऊन जाळायचा. मालूने त्र्यंबकला लिहिलं, 'नाखव्याला नेऊ नकोस.' तो म्हणाला, 'ताई, सोबती असतो कशासाठी?' तिने लिहिलं, 'मग परत दे.' तो म्हणाला, 'तूच दिलास. मी मागितला, तू दिलास. आता रडायचं नाही.'

मालू एक दिवस क्लास बंद ठेवून वागळे इस्टेटला गेली. खाली पत्रे कापायचा कारखाना, वर सहदेवचं ऑफिस. बोलताना दोघांना ओरडावं लागत होतं. सहदेव चाळिशीचा, टक्कल पडलेला, समाधानी माणूस. त्याने तिचं सगळं नीट ऐकून घेतलं, चहाही मागवला.

"तुम्ही सोपवलात हेच चुकलं," तो म्हणाला. "न सोपवता सोडून दिला असता ना, तर काही दिवसांत त्याची निष्ठा उतरली असती, तो रानात गेला असता. मग तुम्ही रोज जाऊन खायला घालून त्याला आपला केला असतात. कोणालाही जमतं. पण मालकाने स्वतःच्या हाताने सोपवला की निष्ठा जशीच्या तशी नव्या मालकाकडे जाते. भरलेली."

"पण मालक मेला होता. हात माझे होते."

"मशीनला काय कळणार? चंदूच्या नावाने हुकूम आला."

"मग आता काय करायचं?"

"दोन वाटा. त्र्यंबकने परत सोपवायचा, नाहीतर त्र्यंबक पडायचा. मालक पडला की सोबती मोकळा. पण भरल्या निष्ठेचा सोबती मालकाला पडू देत नाही, हे लक्षात घ्या."

"तुमचं मशीन आहे. तुम्ही एक ओळ लिहिलीत तर तो मला मिळेल."

"मिळेल." सहदेवने चहाचा घोट घेतला. "पण मी लिहिणार नाही. आज तुमच्यासाठी लिहिली तर उद्या दुसऱ्यासाठी लिहावी लागेल. आणि खरं सांगू का? तुम्ही एका सोबत्यासाठी इथवर आलात, रडायच्या बेतात आहात... माझी व्यवस्था चालते, याचा यापेक्षा मोठा पुरावा कुठला?"

खाली पत्रा किंचाळला. मालू उठली. दारातून वळून म्हणाली, "सोबत्याची निष्ठा मोजता. मालकाची मोजत नाही ती?"

"मालकाची कशाला मोजायची?" सहदेव म्हणाला. त्याला प्रश्न खरोखरच कळला नव्हता.

मग मालू खेळायला बसली. आणि जे करायचं ते जिद्दीने करणारी बाई होती ती. क्लास उघडायच्या आधी, जेवणाच्या सुट्टीत, क्लास सुटल्यावर. घूस मार, कोल्हा मार, दरोडेखोर मार. सोबती घेतला नाही. लोक म्हणाले वेडी आहे, सोबत्याशिवाय कोणी टिकतं का? ती टिकली. हिवाळा संपेस्तोवर तिच्या हाती असा भाला आला की त्र्यंबक एका वारात पडावा. आणि तिच्याकडे चंदूचं वाक्य होतं. एका खेपेला एकच काम. बोलेल, नाहीतर आडवं येईल.

बेत सोपा होता. खेळात आपल्या बोलण्याला खेप लागत नाही, वाराला लागते. खेप सुरू झाली की आधी 'आई' लिहायचं. नाखवा बोलेल. ती खेप संपायच्या आत, म्हणजे दीर्घ श्वास घेऊन सोडावा एवढ्या अवधीत, वार लिहायचा. नाखवा बोलण्यात गुंतलेला, त्र्यंबक उघडा. मालूने इतरांच्या बोलक्या सोबत्यांवर हे करून पाहिलं. प्रत्येक वेळी साधलं.

तिने त्र्यंबकला वेशीवर सगळ्यांसमोर आव्हान दिलं. त्याला गंमत वाटली. 'हेडमास्तरीण छडी घेऊन आली' असं कोणीतरी लिहिलं. त्र्यंबक म्हणाला, 'शनिवारी ये.' ती शनिवारी वाट बघत बसली, तो आलाच नाही. रविवारी दुपारी ती नेहमीसारखी आईला घेऊन बसली असताना पडद्यावर ओळ आली: 'त्र्यंबक पुलावर उभा आहे. त्याच्यामागे नाखवा आहे. त्र्यंबक म्हणतो: ताई, आत्ता येतेस का? नाहीतर मी सहाव्या गडावर चाललो.'

"आई, तू खाली जाऊन बस."

"का गो? आला क तो?"

"आलाय. पण आज मला काम आहे."

"मंग मी काय तुझं काम खातंय? बसलंय की गप."

वेळ नव्हता. मालू पुलावर गेली. पोरं काठावर गोळा झाली. खेप सुरू झाल्याची घंटा पडद्यावर उमटली. तिने 'आई' लिहिलं.

'नाखवा म्हणतो: आईला सांग, जेवून आलोय.'

साधलं होतं. फक्त वार लिहायचा होता. तिची बोटं कळांवर होती. रंगूबाईला वाचता येत नव्हतं, पण इतक्या रविवारी ती ओळ पाहून तिचा आकार तिच्या ओळखीचा झाला होता. तिने मालूचं मनगट धरलं.

"बोलला. बोलला ना? वाच."

"आई, हात सोड."

"वाच आदी!"

मालूने वाचलं. इतक्या रविवारची सवय, मनगट धरलेलं, आणि आईचा तो आवाज. तिने वाचलं, "आईला सांग, जेवून आलोय," आणि हात सुटला तसा वार लिहिला. एवढाच उशीर. घंटा मध्येच वाजून गेली होती. ती पुढची खेप होती, आणि त्या खेपेला नाखवा कोणाशीही बोलत नव्हता.

'मालूने भाला फेकला. नाखवा मालकाच्या आडवा आला. भाला नाखव्याच्या छातीतून पार गेला. नाखवा म्हणतो: मालक सुखरूप आहे ना? नाखवा पडला.'

ते शेवटचं वाक्य चंदूने शिकवलेलं नव्हतं. सहदेवने ते साऱ्या सोबत्यांच्या तोंडी घालून ठेवलं होतं, मरताना म्हणायला.

मग त्र्यंबकने लिहिलं, 'अरेरे. चांगला वाढवलेला होता. आता अस्वल घ्यावं लागेल.' आणि पुढे, 'ताई, तुझी खेप संपली. माझी सुरू.' त्याने तलवार चालवली. मालूने काही लिहिलं नाही. तिचं सगळं, भाला, चिलखत, हिवाळाभर जमवलेलं बळ, पुलावरच राहिलं. पडद्यावर आलं, 'तुम्ही मेला आहात. पहिल्यापासून सुरू करायचं का?'

"आता काय बोलला?" रंगूबाईने विचारलं.

मालूला खोटं सांगता आलं असतं. गेले कित्येक रविवार ती थोडं थोडं खोटं सांगतच होती. पण तिच्या अंगातली सगळी मऊ जागा त्या घटकेला संपली होती.

"मालक सुखरूप आहे ना, म्हणाला."

"कोन मालक?"

"त्र्यंबक."

रंगूबाई पडद्याकडे वळली. "आन मी?"

"तू काही नाहीस. तो मेला, आई. माझ्याच हातून मेला. तू हात धरलास म्हणून."

"माझ्यामुलं?" रंगूबाई उभी राहिली. बाजारात भाव पाडणाऱ्या गिऱ्हाइकावर चढायचा तो आवाज तिला आपसूक आला. "रांडं, तुझ्या हातानं दिलास त्या भटाच्या पोराला! एकदा दिलास, आज मारलास. दोनदा घालवलास माझ्या लेकराला!"

"पहिल्यांदा कोणी घालवला?" मालू म्हणाली. "टिटवाळ्याला कोण घेऊन गेलं होतं?"

ते तिने इतके महिने गिळून ठेवलं होतं. इस्पितळात नाही, स्मशानातून माणसं परतली तेव्हा नाही, तेराव्याला नाही. आज बाहेर आलं आणि परत घेता येण्यासारखं नव्हतं. रंगूबाई जिना उतरली. पाटी तिने त्या दिवशी जिन्याखालीच विसरली. दुसऱ्या दिवशी मिठाईवाला वासाने हैराण होऊन वर भांडायला आला.

'सातगड' पुढे वर्षभर चाललं. मग इंटरनेट आलं, चित्रांचे खेळ आले, सहदेवने मशीन विकून टाकलं. त्र्यंबक पुण्याला नोकरीला लागला. लग्नाची पत्रिका त्याने आठवणीने पाठवली. 'मावशींना घेऊन नक्की ये' असं वर हाताने लिहिलं होतं. चंदूची सायकल अजून चालवतो, असंही होतं.

मालूने पुढे क्लास स्वतः घेतला. तिच्या हाताखालून कोपरीतली निम्मी पोरं नोकरीला लागली, आणि ती सगळी तिला घाबरायची. लग्न केलं नाही. आईला तिने टाकलंही नाही. एकाच घरात दोघी राहिल्या. रविवारचं नाव दोघींनी काढलं नाही, वैदूचं नाही आणि नाखव्याचंही नाही. भांडणही होत नव्हतं, हे जास्त वाईट. रंगूबाई भाकऱ्या टाकून बसायची. क्लास सुटून कितीतरी वेळ झाला तरी मालू खाली मिठाईवाल्याशी हिशोबाचं बोलत थांबायची, जिना झाडून घ्यायची, कुलूप दोनदा ओढून बघायची. ताटावर समोरासमोर बसायचं दोघींच्याही जिवावर यायचं.

मग घरी येऊन, उंबऱ्यातच चप्पल काढता काढता, आईकडे न बघता म्हणायची, "जेवून आलेय."

रंगूबाई भाताच्या टोपावर झाकण ठेवायची. "ह्या घरातली पोरां भायेरच जेवतान," असं ती टोपाकडे बघून म्हणायची, आणि दिवा मालवायला उठायची.